कुठल्या डोळ्यातून रडू?

४ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

हे पत्र फाडायच्या आधी एवढं बघून घे की अक्षर माझं आहे, तुझ्या आईचं नाही. तेव्हा फाडलंस तर भांडण माझ्याशी होईल, आणि माझ्याशी भांडून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. तुझा बाबा सख्खा मोठा भाऊ असून मला वचकून असायचा.

तू फोन उचलत नाहीस. मेसेज केला की नुसता अंगठा पाठवतेस. आत्याला राजरोस अंगठा दाखवणारी भाची मी तरी दुसरी पाहिली नाही. म्हणून कागद घेतला. यालाही तू अंगठा दाखवशील, पण तो मला दिसणार नाही.

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या खोलीतला पंखा अजून कुरकुरतो. शिवणाचं मशीन मी खिडकीपाशी हलवलंय, कारण सुईत दोरा ओवायला मला आता उजेड लागतो आणि शिवाय शिव्याही द्याव्या लागतात. तुझा जनावरांचा दवाखाना कसा चाललाय? मागे तू म्हणाली होतीस की जनावरं बरी, ती नाटकं करत नाहीत. तेव्हा मी हसले होते. टोमणा होता आणि कुणाला होता, हे जिना उतरताना लक्षात आलं.

बरं, बातमी अशी की तुझी आई सिनेमा करतेय. सिनेमात काम करत नाहीये, सिनेमा करतेय. दिग्दर्शक आहे ती. तू गेल्यापासून तिनं तोंडाला रंग लावलेला नाही हे तुला माहीत नसेल. माणसं घरी येऊन बसायची, चहा प्यायची, कागदांची बाडं ठेवून जायची. ही आपली सगळ्यांना एकच सांगायची, ‘मला आता जमत नाही.’ मला वाटलं, दादा गेला त्या दुःखात म्हणत असेल, निघेल काही दिवसांत. निघाली नाही. मग एक दिवस स्वतःच लिहायला बसली आणि लिहून झाल्यावर मला म्हणाली, ‘वन्सं, हे मी करणार आहे. तुम्ही कंटिन्युइटी बघा.’

कंटिन्युइटी म्हणजे काय ते तू विसरली असशील. एकाच प्रसंगाचे तुकडे निरनिराळ्या दिवशी घेतात. कालच्या तुकड्यात कप डाव्या हातात असला तर आजच्याही तुकड्यात तो डाव्याच हातात हवा. हे बघत बसायचं. थोडक्यात, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या. मला हे काम पहिल्यांदा मिळालं तेव्हा तुझा बाबा म्हणाला होता, ‘ही नोकरी तुझी जन्मपत्रिका बघून काढलेली दिसते.’

पहिल्या दिवसाची गंमत सांगते. सेटवर सगळं तयार. खिडकीशी उभं राहायचा प्रसंग. कॅमेऱ्यासमोर नवी बाई, म्हणजे जिला सिनेमातल्या आईचं मुख्य काम दिलंय ती. रंगभूमीवर नाव कमावलेली आहे, पण सिनेमाला नवी, म्हणून सगळे तिला नवी बाईच म्हणतात. वहिनी मॉनिटरपाशी. सगळीकडे शांतता. वहिनीनं श्वास घेतला आणि म्हणाली, ‘ॲक्शन.’

आणि स्वतःच सुरू झाली. मान वळली, हनुवटी थोडी वर गेली, डोळे कुठल्या तरी लांबच्या खिडकीकडे लागले. जन्मभर तो शब्द कानावर पडला की सुरू व्हायचं, हीच सवय. बोलणारं तोंड आपलं आहे याचं भानच नाही. आम्ही सगळे कॅमेऱ्याकडे पाठ करून तिच्याकडे बघतोय, नवी बाईसुद्धा. शेवटी म्हातारा कॅमेरामन हळूच म्हणाला, ‘बाई, तुम्ही नाही. त्या.’

सगळे पोट धरून हसले, सगळ्यात जास्त तीच हसली. पण दुसऱ्या वेळीही तेच. मग तिनं पाठ फिरवून म्हणून पाहिलं, ‘सुरू’ म्हणून पाहिलं, ‘चला’ म्हणून पाहिलं. ‘चला’ म्हटल्यावर दिवेवाले सामान उचलायला लागले.

दुपारी चहाच्या वेळी, सिनेमातल्या मुलीचं काम करणारी पोर तिच्या खोलीतल्या मैत्रिणीशी झालेलं भांडण सांगत होती. वहिनी ऐकत होती. पोर अडखळली तशी वहिनी सहज म्हणाली, ‘मग?’ आणि पोरगी जी सुटली, तिचे हात, डोळे, आवाज, सगळं आपोआप बोलायला लागलं. वहिनीचा कप हातातच राहिला. त्या दिवसापासून आमच्या सेटवर ॲक्शन नाही. सगळं तयार झालं की तुझी आई पुढे वाकते आणि विचारते, ‘मग?’ आणि समोरची माणसं सांगायला लागतात.

तिची स्तुती करायची मला सवय नाही, तुला माहीत आहे. पण मी तोंडात बोट घालून बघत राहिले.

पंख्याचं काय करायचं ते कळव.

तुझी आत्या

१९ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

तुझा अंगठा मेसेजवर आला. म्हणजे पत्र पोचलं आणि फाडलेलं नाही. पंख्याबद्दल एक अक्षर नाही, पण ठीक आहे.

मागच्या पत्रात मी पंखा, मशीन, कप वगैरे लिहून वेळ काढला. खरं लिहायचं होतं ते हातून उतरत नव्हतं. आता लिहिते.

सिनेमा एका घराचा आहे. बायको नटी. नवरा आजारी. एक मुलगी, शिकून मोठी झालेली. ओळखीचं वाटत असेल तर ते ओळखीचंच आहे. शेवट हॉस्पिटलच्या लांब कॉरिडॉरमध्ये होतो. नवरा गेलाय. बायको भिंतीला टेकून रडतेय. आणि मुलगी तिला म्हणते, ‘आई, कॅमेरा कुठे लावलाय?’

तुझं वाक्य आहे, ठमे. त्या दिवशी मी थर्मास घेऊन तुमच्या दोघींच्या मध्ये उभी होते. तू ओरडली नव्हतीस. नेहमीच्या आवाजात बोललीस. तुझ्या आईचं रडणं जागच्या जागी थांबलं. तिथल्या नर्सनंही खाली बघितलं. चौथ्या दिवशी तू बॅग भरलीस. ते वाक्य आमच्या घरात त्यानंतर कुणीही उच्चारलेलं नाही. आणि आता ते टाइप होऊन शंभर माणसांच्या हातात आहे. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

वहिनीनं निर्मात्याला सांगून टाकलंय, ‘ते वाक्य माझ्या मुलीचं आहे. ती हो म्हणाली तरच घेईन, नाहीतर शेवट नाही.’ निर्माता कपाळाला हात लावून बसलाय. शेवट नसलेला सिनेमा म्हणजे काय, ते त्याला कळेना. मी वहिनीला म्हटलं, ‘मग विचार की तिला.’ तर म्हणाली, ‘तिनं फोन उचलला नाही तर?’ मी म्हटलं, ‘नाही उचलला तर नाही.’ त्यावर म्हणाली, ‘आणि उचलला तर?’

हिला मी आगीच्या प्रसंगात खऱ्या आगीतून चालत जाताना पाहिलंय. भर सभेत बड्या माणसाला ‘तुम्ही चुकताय’ म्हणताना पाहिलंय. ही बाई तुझ्या ‘हॅलो’ला घाबरते.

तिनं मला हे पत्र लिहायला सांगितलेलं नाही. पण मी लिहायला बसले की स्वयंपाकघरातली भांडी एकदम गप्प होतात.

हो किंवा नाही, एवढंच कळव. अंगठा चालेल. फक्त वर की खाली ते नीट बघून पाठव.

आत्या

११ मार्च

प्रिय ठमे,

‘चालेल. माझं नाव नको.’

तुझे चार शब्द मी वहिनीला वाचून दाखवले. ‘पुन्हा वाचा,’ म्हणाली. पुन्हा वाचले. चार शब्द किती वेळा वाचणार. शेवटी फोनच तिच्या हातात दिला आणि दूध उतू जातंय म्हणून आत गेले. दूध नव्हतं गॅसवर.

तर तो प्रसंग आम्ही घ्यायला घेतला आणि तो होत नाहीये. पण ते सांगायच्या आधी मला एक जुनी गोष्ट सांगू दे. तू लहानपणी पाहिलीस ती आई कामावरून घरी आलेली, पाय सुजलेली, ‘आत्ता नको गं सोन्या’ म्हणणारी. कामावरची मी पाहिली. तुझ्या वाट्याला तिचं उरलेलं आलं, हे मी मान्य करते. माझ्या वाट्याला काय आलं ते ऐक.

मी तेव्हा कपड्यांच्या विभागात होते, तोंडात टाचण्या धरून सेटच्या कडेला उभी. स्टेशनच्या वेटिंग रूमचा सेट. नायिकेला रडू येईना. डोळ्यांत औषध घालून झालं, डोळे नुसतेच लाल झाले. दिग्दर्शक वैतागून म्हणाला, ‘इथे कुणालातरी रडता येतं का?’ गर्दीचं काम करायला आलेली माणसं बाकांवर बसली होती. त्यातून एका सडपातळ मुलीनं हात वर केला. म्हणाली, ‘कुठल्या डोळ्यातून रडू?’

सगळे फिदीफिदी हसले. ती हसली नाही. म्हणाली, ‘कॅमेरा या बाजूला आहे. त्या डोळ्यातलं पाणी फुकट जाईल, म्हणून विचारलं.’ आणि कॅमेऱ्याच्या बाजूच्या डोळ्यातून एक थेंब निघाला, गालावर आला, थांबला, आणि ती पुढचं वाक्य बोलल्यावर खाली उतरला. दुसरा डोळा कोरडा ठक्क. माझ्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. अंगावर काटा आला तो घरी पोचेपर्यंत गेला नाही. घरी येऊन मी दादाला म्हणाले, ‘आज एक बाई बघितली. तूही बघच.’ तेव्हा या जगात तू आलीस ती माझ्यामुळे, हे विसरू नकोस.

पुढे दिवेवाल्यांनी तिचं नाव ‘टाकी’ पाडलं. ‘टाकी आली का? मग आज लवकर सुटणार.’ लोक तिचं रडणं बघायला यायचे आणि रुमाल भिजवून जायचे. वर्षानुवर्षं. माझा त्याला कधी कंटाळा आला नाही. प्रत्येक वेळी ते पाणी कुठून येतं, हे मला कळायचं नाही. तिच्या घरात राहून, तिच्या ताटाशेजारी जेवूनही कळलं नाही.

म्हणून तू जे बोललीस ते मला समजतं. जिला सांगाल त्या डोळ्यातून रडता येतं, तिचं खरं रडणं कुठलं धरायचं? हे मी एकदा तिला तोंडावर विचारलं. आम्ही चादरींच्या घड्या घालत होतो. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. म्हटलं, ‘वहिनी, त्या दिवशीचं खरं होतं का गं?’ तिनं चादर खाली सोडली नाही. म्हणाली, ‘तो गेला म्हणून रडायला लागले, वन्सं. ते खरं. मग मला ऐकू आलं की मी रडतेय. त्याच्यापुढचं मला माहीत नाही.’ आणि घडी पुरी केली. इतकं खरं बोलणारं माणूस माझ्या पाहण्यात नाही, हे तुला आवडो न आवडो.

आता आजचं. कॉरिडॉरचा सेट हुबेहूब उभा केलाय. तो हिरवा पट्टा, ते बाक, तो अर्धा बंद पडलेला ट्यूबलाइट. नवी बाई रडते, चांगली रडते. पोर वाक्य बोलते, चांगलं बोलते. सगळे मान डोलावतात. वहिनी म्हणते, ‘नाही.’ पुन्हा. ‘नाही.’ पुन्हा. चार दिवस हेच चाललंय. काल पोरीनं विचारलं, ‘बाई, हे वाक्य बोलायच्या आधी मी कुठे बघत असते?’

साधा प्रश्न. वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली, ‘मला माहीत नाही.’

दिग्दर्शकानं असं म्हणायचं नसतं, ठमे. माहीत नसलं तरी डाव्या हातानं काहीतरी दाखवायचं असतं. तिनं काम थांबवलं. निर्माता लगेच कानाशी लागला. त्याचं म्हणणं, ‘नवी बाई असू दे बाकीच्या सिनेमात. या एका प्रसंगात तुम्ही स्वतः उभ्या राहा. मध्येच चेहरा बदलला तर बदलला. लोक तुमचं रडणं बघायला इतकी वर्षं थांबलेत. एकदा रडा, सिनेमा तरून जाईल.’ महिनाअखेरीला स्टुडिओ दुसऱ्या कुणाला दिलाय, तेव्हा सेट उतरणार. तोपर्यंत जमलं नाही तर तिला उभं राहावं लागेल किंवा शेवट सोडून द्यावा लागेल.

आणि ती उभी राहिली तर काय होईल ते मला दिसतंय. ती रडेल. लोक टाळ्या वाजवतील. आणि तू त्या दिवशी बोललीस ते कायमचं खरं होऊन बसेल. कॅमेरा खरंच लावलेला असेल. हे तिलाही कळतं. म्हणून कालपासून ती जेवत नाहीये. नुसता भात चिवडते आणि उठते.

म्हणून मी विचारते. तिच्या वतीनं नाही, माझ्या वतीनं. तू त्या दिवशी कुठे बघत होतीस?

मी कंटिन्युइटीची बाई. मला विचार, तुझ्या कुठल्या खांद्यावर बॅग होती, सांगते. डाव्या. बाबाचा चष्मा तुझ्या हातात होता, एक काडी उघडी. वहिनीच्या केसांची क्लिप सुटली होती. हे सगळं मला आज दाखवता येईल. पण तुझी नजर कुठे होती ते मला सांगता येत नाही, कारण मीही तिच्याकडेच बघत होते. नर्स तिच्याकडे बघत होती. डॉक्टर तिच्याकडे बघत होता. तुझ्याकडे कुणी बघतच नव्हतं, हे हा प्रश्न लिहिताना माझ्या लक्षात आलं.

याचं उत्तर अंगठ्यात येणार नाही.

आत्या

२८ मार्च

ठमे, माझ्या बाई,

परवा तुझा फोन आला. तुझं नाव फोनवर बघून मला वाटलं, तुझ्या दवाखान्यातून कुणी काही वाईट सांगायला केलाय. तू ‘आत्या’ म्हणालीस, मग ती तीन वाक्यं बोललीस, आणि ठेवून दिलास. मला ‘जेवलीस का’ विचारायलाही उसंत दिली नाहीस. तू ठेवल्यावर पुढे काय झालं ते तुला कळायला हवं म्हणून लिहिते.

वहिनी दारातच उभी होती. तू बोललीस ते मी तिला जसंच्या तसं सांगितलं, माझ्या पदरचं एक अक्षर न घालता. ‘मी तिच्याकडेच बघत होते. ती माझ्याकडे कधी बघते, त्याची वाट बघत होते. बाबा माझाही गेला होता.’

ती रडली नाही. मी दोन्ही डोळे बघितले, सवयीनं. खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. चेहऱ्यावर असं काही आलं की मी इतक्या वर्षांत कुठल्याही सिनेमात ते पाहिलेलं नाही, आणि ते कुणाला दाखवायला आलेलं नव्हतं. मग म्हणाली, ‘वन्सं, चपला घाला.’

सेटवर जाऊन तिनं पहिलं काम काय केलं, तर कॅमेरा उलटा फिरवायला लावला. नव्या बाईकडे पाठ, पोरीकडे तोंड. नव्या बाईचा चेहरा उतरला. ‘मग मी?’ वहिनीनं तिचे दोन्ही हात धरले. म्हणाली, ‘तुमचं रडणं मला ऐकू यायला हवं. दिसायला नको. त्या दिवशी सगळ्यांना तेच दिसत होतं.’ ती बाई गुणी, तिला पटलं. पण सेट एकाच बाजूनं रंगवलेला. पोरीच्या मागे उघडं प्लायवूड आणि सुतारांचे खिळे. मग रंगाऱ्यांना बोलावलं, हिरवा पट्टा पलीकडच्या भिंतीवर ओढला. तो वाळेपर्यंत सगळे पुठ्ठ्यांनी वारा घालत बसलो होतो. निर्माताही घालत होता. काय चाललंय हे त्याला कळत नव्हतं, पण घालत होता.

पोरीनं विचारलं, ‘बाई, मी कुठे बघू?’

वहिनी मॉनिटरपाशी गेली नाही. कॅमेऱ्याच्या काचेला लागून, अगदी खेटून उभी राहिली आणि म्हणाली, ‘माझ्याकडे. मी तुझ्याकडे बघते की नाही, ते बघ.’

नवी बाई बाजूला जमिनीवर बसून रडायला लागली. खरंच चांगली रडते ती. वहिनीनं मान खाली घातली, पायांकडे बघत राहिली, आणि तशीच, वर न बघता म्हणाली, ‘मग?’

पोरगी बघायला लागली. खांद्यावर बॅग, हातात चष्मा, एक काडी उघडी. बघत राहिली. वहिनी वर बघेना. पोरीचे ओठ हलले, पुन्हा मिटले. ती अर्धं पाऊल डावीकडे सरकली. मग उजवीकडे. आम्ही हे तिला सांगितलेलं नव्हतं. कुणीतरी आपल्याकडे बघावं म्हणून माणूस समोर समोर येतो ना, तशी ती जागा शोधायला लागली. आणि मग तिनं ते वाक्य म्हटलं. रागानं नाही. टोचून नाही. अगदी खरोखर विचारल्यासारखं, म्हणजे कुठे ते कळलं तर तिथे जाऊन उभं राहता येईल, अशा आवाजात.

‘आई, कॅमेरा कुठे लावलाय?’

ठमे, माझा हात तोंडावर गेला. इतकी वर्षं मी ते वाक्य चुकीचं ऐकत होते. घरातली आम्ही सगळीच. तो टोमणा नव्हताच. तू जागा विचारत होतीस. जिथे उभं राहिलं की आई बघते, ती जागा.

तुला तेव्हा तसंच म्हणायचं होतं का, हे मला माहीत नाही. टोमणाच होता असं तू म्हणालीस तरी मी ऐकून घेईन. पण त्या पोरीच्या तोंडून ते असंच निघालं, आणि तसं निघावं अशी जागा तुझ्या आईनं करून ठेवली होती. हे बघणं असतं. मी जन्मभर बटणं आणि कप बघत आले. ती पाठमोऱ्या माणसाच्या मनात कुठे काय ठेवलंय ते बघते, आणि कॅमेरा तिथे नेऊन ठेवते.

मग वहिनीनं मान वर केली आणि पोरीकडे बघितलं. बघतच राहिली. ‘कट’ म्हणेना. पोरीच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मला सांगता यायचं नाही. नवी बाईसुद्धा रडायचं थांबवून बघायला लागली. शेवटी म्हाताऱ्या कॅमेरामननं स्वतःच कॅमेरा बंद केला आणि म्हणाला, ‘बाई, झालं.’ टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. निर्माता उलट्या खोक्यावर बसला होता. तुम्ही स्वतः उभ्या राहा, हे पुन्हा त्याच्या तोंडून निघालं नाही.

गाडीत वहिनी म्हणाली, ‘बाबा तिचाही गेला होता, वन्सं.’ जसं काही तिला आजच कळलं होतं.

परत फोन कर. ‘जेवलीस का’ विचारायचं राहिलंय.

आत्या

२० जून

प्रिय ठमे,

आजचं पत्र मला लिहायला सांगितलेलं आहे. पहिल्यांदाच. सांगणारी माझ्या मागे उभी आहे आणि मी काय लिहिते ते बघत नसल्याचा अभिनय करतेय. तो मात्र तिला अजिबात जमत नाहीये.

सिनेमा पुरा झाला. पुढच्या रविवारी सकाळी फक्त आमच्या माणसांसाठी दाखवणार आहेत, त्या स्टुडिओच्या मागच्या छोट्या थिएटरात. तुझी खुर्ची मधल्या रांगेत ठेवली आहे. तू यावंस असं तिला वाटतं. हे वाक्य तिनं मला तीनदा बदलून लिहायला लावलं. आधी ‘वेळ असेल तर’ होतं, मग ‘जमलं तर’, आता तेही काढायला सांगितलं.

पण एक अडचण आहे, ती आधीच सांगून ठेवते. तुझी आई सिनेमा बघणार नाहीये. म्हणाली, ‘मी तो पाठ करून बसलेय, वन्सं. मला तिला बघताना बघायचंय.’ म्हणून पहिल्या रांगेतली एक खुर्ची तिनं उलटी फिरवून घेतली. पडद्याकडे पाठ, तुमच्याकडे तोंड. थिएटरवाल्याला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. त्याचं म्हणणं, अंधारात काय दिसणार? कॅमेरामन म्हणाला की पडद्याचा उजेड चेहऱ्यावर येतो, पुरेल तेवढा. तू शिंकलीस, जांभई दिलीस, मध्येच उठून गेलीस, तरी ती बघणार. काही बोलणार नाही, असं तिनं कबूल केलंय. तुला नको वाटलं तर तसं सांग, मी खुर्ची सरळ करवून घेईन.

आत्ता, हे एवढं लिहून झाल्यावर, मी मागे वळून तिला विचारलं, ‘आणि ठमी आलीच नाही तर?’

म्हणाली, ‘तरी मी तिच्या खुर्चीकडेच तोंड करून बसेन.’

तुझी आत्या